समिटवरची होळी

ज्या डोंगरावरून आग दिसली तर कळवायची म्हणून मला पगार मिळत होता, त्या डोंगरावर माझ्या सगळ्या नोकरीत एकच आग लागली. ती मी लावली.

होळी होती. खरोखरची, फाल्गुन पौर्णिमेची. यापलीकडे माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

इथं आखातात आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, ‘मुसफ्फाला येण्याआधी तुम्ही कुठं होता?’ की मी सांगतो, डोंगरावर आग बघायला होतो. लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘तिकडे जळायला आहे काय?’ माझा मुलगा इथंच जन्मला, इथंच वाढला. त्याला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. तो म्हणाला, ‘बाबा, देअर आर नो ट्रीज. दे पेड यू टु वॉच रॉक्स?’

हो रे बाबा. दगड बघण्याचेच पैसे मिळायचे. वर मी ते नीट बघितले नाहीत.

फुजैराच्या बाजूला डोंगर अगदी समुद्रापर्यंत येतात. करपलेल्या भाकरीसारखे काळे-तपकिरी, वर हिरवं पातंसुद्धा नाही. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी आमच्या कंपनीचं आवार होतं. तेलाच्या टाक्या, लाकडाची मोठी वखार आणि मजुरांचा कॅम्प. कॅम्पातल्या खोल्यांना प्लायवूडच्या भिंती आणि एकेका खोलीत खच्चून भरलेली माणसं. डोंगराच्या मागच्या अंगाला वादी, म्हणजे कोरडी दरी, आणि तिच्यात खजुराच्या बागा. बागवाले वाळलेल्या झावळ्या जाळायचे. खिंडीतून वारा सुटला की ठिणग्या थेट वखारीच्या दिशेनं. मी यायच्या आधी वखार एकदा पेटली होती. टाक्या आड आल्यामुळे गेटवरच्या माणसाला बराच वेळ काही दिसलंच नाही. त्यानंतर मालकानं हुकूम दिला, डोंगराच्या टोकावर माणूस बसवा.

टोकावर एका जुन्या गोल बुरुजाचा पाया शिल्लक होता. कधीकाळी वादीतले लोक तिथून समुद्रावरचे शत्रू बघायचे. त्याच दगडांवर कंपनीनं एक पोर्टा केबिन नेऊन ठेवली, चारी बाजूंनी काचा लावल्या, मागे जनरेटर बसवला आणि जागेला नाव दिलं समिट. नाव भारी. आत दोन खाटा, एक स्टोव्ह, एक वायरलेस आणि मधोमध एक गोल टेबल. टेबलावर आसपासच्या मुलखाचा नकाशा चिकटवलेला आणि त्याच्यावर फिरणारी एक पितळी पट्टी. धूर दिसला की पट्टी त्या दिशेला फिरवायची, नकाशावर कुठलं ठिकाण येतं ते बघायचं आणि खाली सांगायचं. एवढंच काम. शहाण्या माणसाला ते तासाभरात शिकता येतं.

मला दोन वर्षं लागली.

मुलाखतीत मी ठोकून दिलं होतं की मी सह्याद्रीतला आहे, डोंगर चढूनच शाळेत जायचो. प्रत्यक्षात मी गुहागरचा. शाळा घरासमोर, आणि घरामागे समुद्र. पहिल्या दिवशी पिकअप डोंगराच्या खांद्यापर्यंत पोचली आणि पुढची पायवाट चालत चढायची म्हटल्यावर मी अर्ध्या वाटेत बसलो. वरून एक आवाज आला, तोही मराठीत, ‘बसू नको रे! बसलास की उठणार नाहीस!’

तो बस्त्याव. कागदावर सेबॅस्टियन, पण वसईकरांच्या तोंडी बस्त्याव. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, गावच्या चर्चच्या कॉयरमध्ये वर्षानुवर्षं गायलेला. मी त्याला बस्त्यावभाऊ म्हणायचो. तो मला दत्त्या म्हणायचा आणि रागावला की ‘दत्ताराम’. दत्ताराम मला जास्त वेळा ऐकायला मिळालं.

आधी मी धुळीची वावटळ बघून आग कळवली. मग सकाळचं धुकं कळवलं. तिसऱ्यांदा वादीतून दाट पांढरा धूर दिसला. मी पट्टी फिरवली, ठिकाण सांगितलं आणि बंब गेला. तिथं लग्न होतं. मोठमोठ्या देगांमध्ये बकऱ्याचं मटण शिजत होतं. बंबावरच्या लोकांना यजमानांनी हाताला धरून बसवलं आणि पोटभर जेवू घातलं. त्यांनी खाली आल्यावर वायरलेसवर माझे आभार मानले आणि पुढचं लग्न कधी आहे ते विचारलं.

बस्त्याव म्हणाला, ‘दत्ताराम, धुराला मूळ असतं. धुळीला नसतं. खाली मूळ दिसतं का बघ, मग तोंड उघड.’

‘आणि लग्नाच्या धुराचं काय?’

‘त्याला वास असतो. आमंत्रण नसलं तरी येतो.’

असे दिवस जायचे. आता लिहिताना ते गमतीचे वाटतात, पण तेव्हा तसे नव्हते. उन्हाळ्यात केबिनची काच हात लावू देत नसे. खाली समुद्र, पण वाफेमुळे तो आहे की नाही हे कळू नये इतका पुसट. दिवसचे दिवस काही हलत नाही. डोळ्यांना काहीतरी हवं म्हणून मी एकाच दगडाला गाय समजू लागलो होतो. तिला नावही होतं. माणूस एकटा राहिला की त्याला वेड लागतं असं म्हणतात. आम्ही दोघं होतो, म्हणून निम्मंनिम्मं लागलं.

बस्त्यावच्या डोळ्याचं मला कळलं ते चहामुळे. तो माझ्या कपात चहा ओतत होता आणि निम्मा चहा टेबलावर, पार बंदराच्या नकाशावर. मी ओरडलो. तो थांबला, किटली खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, ‘डावा गेलाय रे. कधीपासून ते मलाही कळलं नाही. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस उजवा चोळत होतो, तर समोर काही नाहीच.’

मी लगेच निदान केलं. मला निदानाची हौस. माझ्या आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी जवळून पाहिलेलं. मी सांगितलं, ‘मोतीबिंदू. शंभर टक्के. पिकला की काढतात. कच्चा काढत नाहीत. काढला की लख्ख.’

‘शहरात जाऊन दाखवू का? एक मलबारी डॉक्टर आहे म्हणतात.’

‘दाखवलंस तर कंपनीला कळणार. अनफिट केलं की व्हिसा खलास. फिलूचं काय?’

फिलू म्हणजे त्याची मुलगी फिलोमिना. मुंबईला नर्सिंग शिकत होती. बस्त्यावची सगळी नोकरी, सगळा डोंगर तिच्या शिक्षणावर उभा होता. बायको लवकर गेलेली. तो रोज संध्याकाळी प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचा आणि मग माझ्याकडे बघून एक नाव आणखी घ्यायचा. कुणाचं ते विचारलं तर म्हणायचा, ‘मूर्खांसाठी वेगळी प्रार्थना असते.’

‘तिचं होईपर्यंत थांब,’ मी म्हणालो. ‘तोवर पिकेलही. मग गावी जाऊन आरामात काढ.’

तो थांबला. त्याला माझं पटलं याचा मला तेव्हा केवढा आनंद झाला होता.

दरवर्षी कंपनीच्या दवाखान्यात डोळे तपासायचे. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, वर मोठी आणि खाली बारीक. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं वाचायचं. उजव्याचा प्रश्न नव्हता. डाव्यासाठी मी आधी आत जाऊन तक्ता पाठ करून आलो आणि वर येऊन बस्त्यावला शिकवला. त्याला अक्षरं नुसती लक्षात राहीनात. मग त्यानं ती चर्चच्या चालीत बसवली. डोंगराच्या टोकावर एक रुंद खांद्यांचा माणूस डोळे मिटून ‘ई... एफ पी... टी ओ झेड’ अशी प्रार्थना म्हणतोय आणि मी ताल धरतोय. वरून विमानातून कुणी बघितलं असतं तर त्याला नवा धर्म सापडल्यासारखं वाटलं असतं.

पहिल्या वर्षी सुरळीत पार पडलं. दुसऱ्या वर्षी नर्सनं ऐन वेळी सांगितलं, ‘आज खालून वर वाचा.’ चाल उलटी कशी म्हणणार? मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला एकच सुचलं. मी जमिनीवर पडलो. नर्स धावत बाहेर आली, माझे पाय वर धरले, साखरपाणी पाजलं आणि त्या गडबडीत बस्त्यावच्या कागदावर ‘फिट’ लिहून मोकळी झाली. माझ्या कागदावर मात्र ‘चक्कर येते, उंचीवर पाठवू नये’ असं लिहिलं जाता जाता राहिलं.

परत जाताना पिकअपमध्ये आम्ही इतके हसलो की ड्रायव्हर गुलखाननं गाडी थांबवून विचारलं, ‘क्या हुआ, लॉटरी लगा?’

हसत होतो खरे, पण खाली कॅम्पात माणसं झोपायची हे आम्हाला माहीत होतं. त्यावर आम्ही आमचा तोडगा काढला. बस्त्यावची पाळी असली की मी झोपायच्या ऐवजी त्याच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसायचो. जगाची उजवी बाजू त्याच्याकडे, डावी माझ्याकडे. बरीच वर्षं संसार केलेल्या नवरा-बायकोनीसुद्धा इतकं नेटकं वाटून घेतलेलं नसतं.

मग त्या वर्षी होळी आली.

कोकणातल्या माणसाला शिमगा म्हणजे काय असतं हे इतरांना समजावता येत नाही. गणपती चुकला तर तो हळहळतो, शिमगा चुकला की चिडचिडा होतो. मला कितीतरी शिमगे चुकले होते. त्या वर्षी मी ठरवलं, यंदा करायचा. वखारीतली मोडकी लाकडी पॅलेट ‘चहाला जळण’ म्हणून गुलखानकडून थोडीथोडी वर मागवली. केबिनच्या डाव्या अंगाला, जनरेटरच्या जरा पलीकडे, एक सपाट खडक होता. तिथं रचली. पुरणपोळी कुठून आणणार? खुबूस घेतला, म्हणजे तिथली रोटी, आणि त्यावर साखर पेरली. बस्त्यावला सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता.

त्याची पाळी होती. सूर्य डोंगराआड गेला. मी म्हटलं, ‘जरा पाय मोकळे करून येतो,’ आणि जाऊन पेटवली.

वाळवंटातलं लाकूड कसं पेटतं हे मला कळायला हवं होतं. तेच तर माझं काम. ज्वाळा माणसापेक्षा उंच गेल्या. मी नारळ टाकला, नैवेद्य टाकला, तोंडावर हात मारून मनसोक्त बोंब मारली. आणि तो डोंगर सगळ्या बंदरातून, कॅम्पातून आणि समुद्रावरच्या प्रत्येक जहाजावरून दिसतो, हे सबंध मुलखाचा नकाशा पाठ असलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

वारा फिरला. जनरेटरवर सावलीसाठी झावळ्यांची चटई बांधलेली होती, तिनं पेट घेतला. माझी बोंब तोंडातच राहिली. तेवढ्यात केबिनच्या उघड्या दारातून वायरलेस किंचाळला, ‘समिट, समिट! फायर ऑन युअर माउंटन! कन्फर्म!’

आणि बस्त्यावचा शांत आवाज आला, ‘बेस, समिट. निगेटिव्ह. ऑल क्लिअर.’

माझं मन भरून आलं. वाटलं, काय मित्र आहे! मला पाठीशी घालतोय!

तो दारात आला. आगीचा लाल उजेड त्याच्या शर्टावर नाचत होता. त्यानं मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, अंधारात कुलपाचं भोक शोधावं तशी. ‘दत्त्या, वास येतोय रे. कुठं जळतंय?’

मी हसलो. मला वाटलं, सोंग करतोय.

त्यानं डावा हात हवेत पुढे केला. ‘इकडून ऊब लागते,’ तो म्हणाला.

तेव्हा माझं हसू थांबलं. डावा गेला होता हे मला ठाऊक होतं. उजवाही चाललाय, समोरचं एवढंसं सोडून बाकी सगळं मिटलंय, हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं.

प्यायच्या पाण्याची पिंपं रिकामी करून आणि खोऱ्यानं वाळू टाकून आम्ही ती विझवली. तो पिंपापासून माझ्यापर्यंत पाणी आणत होता आणि मी ‘डावीकडे, भाऊ, डावीकडे’ म्हणून ओरडत होतो. जनरेटर वाचला. डिझेलचं पिंप दोन हातांवर होतं. तेही वाचलं. ते पेटलं असतं तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, श्रद्धांजली म्हणून.

सकाळी आमचे सेफ्टी ऑफिसर वर आले. मिस्टर हाशिम, सुदानचे. उंच, अबोल माणूस. त्यांनी काळा पडलेला खडक बघितला, जळकं खोबरं बुटानं उलटवलं आणि मला म्हणाले, ‘आग लावणारा मूर्ख आहे, ते मला दिसतंय. पण बघणाऱ्यानं ऑल क्लिअर का सांगितलं?’

मी रात्रभर उत्तर तयार केलं होतं. ‘सर, उसको मालूम था. मेरा पूजा था. इसलिए बोला.’

‘म्हणजे दोघांनी मिळून?’

दोघांनी मिळून म्हटलं तर दोघांची तिकिटं निघणार होती, हे मी रात्रभर विचार करूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘झूठ बोलता है, सर,’ बस्त्याव म्हणाला. ‘मुझे मालूम नहीं था. मुझे दिखता नहीं. एक आँख पूरा गया. दूसरे में पाइप में से देखने जैसा दिखता है.’

मिस्टर हाशिमनी चिडायला हवं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते बस्त्यावजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘खलास, सेबॅस्टियन. घरी जा. डोळे बघ.’

मला ताकीद मिळाली आणि एक पांढऱ्या रंगाचा डबा. जळालेला खडक खालून काळा दिसतो आणि जहाजवाले विचारतात, म्हणून तो रंगवायचा. बस्त्याव सामान बांधत होता, तेव्हा मी गुडघ्यांवर बसून खडकाला रंग देत होतो. गुलखान त्याला हात धरून खाली घेऊन गेला. मी म्हणालो, ‘भाऊ, ऑपरेशन झालं की कळव. लख्ख दिसेल.’ तो म्हणाला, ‘इन्शाल्ला.’ फिलूचं शेवटचं वर्ष राहिलं होतं.

त्याच्यानंतर माझ्या जोडीला दोन-तीन जण आले आणि गेले. सगळ्यांचे डोळे चांगले होते. मग खाली खांबांवर कॅमेरे बसले. कॅमेऱ्याला चहा लागत नाही, शिमगा लागत नाही. समिट बंद झालं, केबिन उचलून नेली आणि मी मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये गेट पास लिहायला लागलो. मध्ये मुलाला घेऊन गेलो होतो. आता टोकावर मोबाईलचा टॉवर आहे. बुरुजाचे दगड आहेत. आणि एक पांढरा खडक आहे. मुलानं विचारलं, ‘व्हॉट्स दॅट?’ मी म्हणालो, पक्ष्यांची घाण असेल.

बस्त्यावला मी पत्र लिहिलं नाही. लिहायचं काय? मग एकदा कुणा वसईवाल्याकडून कळलं की त्याला आता अजिबात दिसत नाही. मी धरून चाललो की ऑपरेशन फसलं असेल. समिट बंद झाल्यावर पहिल्या सुट्टीत हिय्या करून वसईला गेलो.

तो वाडीत, केळीच्या सावलीत खुर्चीवर बसला होता. खांदे तसेच, डोळे मात्र बिनकामाचे. मी फाटक ढकललं, तोवर तो म्हणाला, ‘दत्ताराम! अजून पाय घासतच चालतोस.’ मग मान वर करून विचारलं, ‘समिट, समिट, रिपोर्ट दे. काय दिसतं?’

मी सांगत गेलो. केळीला घड आलाय. भिंतीवर मांजर आहे. कौलांवर एक कबुतर. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. फिलू आतून सरबत घेऊन आली. नर्स झाली होती. तिच्या आत्यानं तिचं शेवटचं वर्ष निभावून नेलं, असं ती म्हणाली. आता कामाला मोठ्या इस्पितळात होती. मी तिला प्रथमच बघत होतो.

विमानात घोकलेलं भाषण मी तिच्यासमोरच सुरू केलं. की चूक माझी. ती होळी पेटवली नसती तर भाऊला कुणी पकडलं नसतं, आणखी वर्ष-दोन वर्षं नोकरी राहिली असती, मोतीबिंदू नीट पिकला असता, घाईत काढावा लागला नसता—

‘मोतीबिंदू कोण म्हणालं?’ फिलूनं विचारलं.

मी बस्त्यावकडे बघितलं. तो मांजराच्या दिशेनं चेहरा करून बसला होता.

‘काचबिंदू होता, काका. तो पिकत नसतो. तो नुसता खात जातो. गेलेलं परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर साध्या थेंबांनी उरलेलं राहतं. पप्पांचा डावा गेला तेव्हा उजवा चांगला होता. घरी आले तोवर थेंबांनी धरायला फारसं उरलं नव्हतं.’

‘फिलू,’ बस्त्याव म्हणाला, ‘त्याला सरबत तरी पिऊ दे.’

‘पिऊ दे की,’ ती म्हणाली आणि माझ्या हातात ग्लास दिला. ‘त्या होळीचं एवढं वाईट वाटून घेऊ नका, काका. तीच एक गोष्ट तुम्ही बरोबर केलीत. फक्त दोन वर्षं उशिरा केलीत.’